हिवाळ्यातला विसावा आणि मिरजेची तार

दिवाळी संपून हवेत गारवा आला की मोबाइलवर एका ठरावीक प्रकारचं संगीत फिरायला लागतं. खिडकीबाहेर बर्फ, आत पेटलेली शेकोटी, टेबलावर वाफाळता कप आणि मागे तीन-तीन तास न थांबता चाललेली हार्पची संथ सुरावट. मन शांत करा, स्वतःसाठी वेळ काढा, गाढ झोपा, असं त्यावर लिहिलेलं असतं. साताऱ्या-सांगलीकडेही ते आवडीनं ऐकलं जातं. रात्रपाळी करून आलेल्या नर्सताई ऐकतात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं ऐकतात, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणारे आजी-आजोबाही ऐकतात. विसाव्याची ही गरज खरी आहे आणि तिची टिंगल करायचं काही कारण नाही. मात्र हा प्रश्न एकदा नीट तपासायला हवा. तारेच्या मंद स्वरांनी शरीराला नेमकं काय होतं? आपल्या हिवाळ्यात त्याची गरज कुठे आहे? आणि तंतुवाद्यांसाठी जगभर माहीत असलेलं मिरज हाकेच्या अंतरावर असताना आपण विसाव्यासाठी फक्त परक्या बर्फाकडे का बघतो?

आधी हिवाळ्याचं बघू. थंडी आणि उदासी यांची जी सांगड या व्हिडिओंमध्ये असते, ती उत्तरेकडच्या देशांची आहे. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांहूनही लहान होतो. ऊन कमी झालं की येणारी हंगामी उदासी नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली वैद्यकाच्या भाषेत मांडली, तीही अशाच प्रदेशांतली. साताऱ्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो. पण दहा वाजता तिथंही लख्ख ऊन पडलेलं असतं. आपला हिवाळा हा मुळात चांगला ऋतू. भूक लागते, बाजरीची भाकरी पचते, अंगाला तेल चोळून ऊन-ऊन पाण्यानं आंघोळ करावीशी वाटते. आयुर्वेदानं हेमंतात सांगितलेला अभ्यंग आणि तिळाचा वापर आपल्याकडे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपासून संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत घराघरांत टिकून आहे.

त्रास आहेत ते वेगळे. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिवाळ्यात रक्तदाब वाढतो. कोरड्या हवेनं आणि धुरानं दमेकऱ्यांचं दुखणं बळावतं, सांधे आखडतात. म्हाताऱ्या माणसांना रात्र लांबच लांब वाटते. आणि आमच्या या पट्ट्यात हिवाळा म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. कारखाने पेटलेले असतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यानं चालत असतात आणि चालकाला झोप लागू नये म्हणून टेप मोठ्यानं लावलेला असतो. कृष्णाकाठच्या एखाद्या गावात रस्त्यालगत घर असेल तर डिसेंबरातली रात्र कशी जाते ते तिथल्या माणसालाच ठाऊक. त्या चालकाचा नाइलाज आणि त्या घरातल्या आजारी माणसाचा जीव, दोन्ही खरं आहे. आपल्याकडे हिवाळ्यातल्या विसाव्याचा विचार अंधारापासून नाही, या आवाजापासून सुरू व्हायला हवा.

आता हार्प. मैफलीतल्या मोठ्या हार्पला ४७ तारा आणि ७ पायपट्ट्या असतात. बोटानं छेडलेली तार मोकळी सोडली जाते. तिच्यावर कुठं बोट दाबायचं नसतं की गज घासायचा नसतो. स्वर उमटतो, थोडा वेळ राहतो आणि आपोआप विरतो. शेजारच्या तारा त्याला साद देतात. अचानक जोर नाही, शब्द नाहीत, तबल्या-ढोलाचा ठोका नाही. मेंदूला दचकवणारं त्यात काहीच नसल्यामुळे ऐकणारा सैलावतो. पाश्चात्त्य देशांत रुग्णाच्या खाटेशेजारी बसून हार्प वाजवण्याची एक परंपराच तयार झाली आहे. थेरेस श्रोडर-शेकर यांनी अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मिझुला इथं १९९२ साली मरणासन्न रुग्णांसाठी हार्प आणि गायनाचा उपक्रम रुग्णालयात उभा केला. रुग्णाचा श्वास बघायचा आणि त्याच्या लयीत तार छेडायची, अशी ती पद्धत आहे.

हे वाद्य आपल्याला अगदीच अनोळखी आहे असंही नाही. धनुष्याच्या आकाराची, मोकळ्या तारांची वीणा आपल्याकडे हजारभर वर्षं वाजत होती. पुणे जिल्ह्यातल्या भाजे लेण्यात, इसवी सनापूर्वीच्या शिल्पात, नर्तकीशेजारी बसून अशी वीणा वाजवणारी आकृती कोरलेली आहे. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर तीच वीणा घेऊन बसला आहे. पुढं दांडीवर बोट दाबून वाजवायच्या वीणा आल्या आणि हे वाद्य भारतातून जवळपास गेलं. म्यानमारमध्ये ते अजून वाजतं. मोकळ्या तारांचा तो नाद मात्र आपल्याकडे दुसऱ्या दोन वाद्यांत उरला आणि ती दोन्ही मिरजेत बनतात. त्यांच्याकडे वळण्याआधी पुरावा काय म्हणतो ते पाहू, कारण या विषयात दावे फार आणि मोजमाप थोडं.

झोपेबद्दलचा पुरावा बऱ्यापैकी पक्का आहे. निद्रानाश असलेल्या प्रौढांवरच्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन संस्थेनं २०२२ साली जो आढावा काढला त्यात १३ चाचण्या आणि १००७ माणसं होती. बहुतेकांनी रोज २५ मिनिटं ते तासभर संगीत ऐकलं. काहींनी तीन दिवस, काहींनी तीन महिने. झोपेची प्रत सुधारली, असा निष्कर्ष निघाला. दुसरा भक्कम पुरावा शस्त्रक्रियेआधीच्या धास्तीबद्दलचा. त्याच संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात २६ चाचण्या आणि २०५१ रुग्ण होते. संगीत ऐकवल्यानं चिंता कमी झाली. त्यातल्या १७७ रुग्णांच्या एका चाचणीत तर मिडाझोलाम या शामक औषधापेक्षा संगीताचा गुण जास्त आला. या आढाव्यांमधलं संगीत निरनिराळं होतं, सगळा हार्प नव्हता. त्यामुळे अमुक एका वाद्यातच जादू आहे असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. संथ, शांत आणि ऐकणाऱ्याला रुचणारं संगीत गुण देतं, एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांचं २००६ सालचं काम. २४ माणसांना त्यांनी सहा तऱ्हांचं संगीत ऐकवलं. त्यात सतारीवरचा रागही होता. लय वाढली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढत, हे अपेक्षितच होतं. पण संगीताच्या मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली, तेव्हा नाडी आणि रक्तदाब सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेले. खरा विसावा थांबलेल्या क्षणात मिळाला आणि त्या क्षणाची तयारी आधीच्या संगीतानं केली. तीन तास अखंड वाहणाऱ्या ध्वनिमुद्रणात हीच गोष्ट हरवते. रात्रभर काहीतरी चालू ठेवून झोपणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. अर्धा तास ऐकून बंद करणं हे रात्रभर लावून ठेवण्यापेक्षा चांगलं.

आता मिरज. सतारमेकर गल्लीत दुपारच्या वेळी गेलं तर दारात उन्हाला ठेवलेले भोपळे दिसतात. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात. भाजीचा भोपळा हा नव्हे, जाड सालीचा, कडू, वाळल्यावर लाकडासारखा टणक होणारा. आत कुणी दांडी तासत असतं, कुणी तबली बसवत असतं, कुणी कडेची नक्षी भरत असतं. हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांपासून सुरू झाल्याचं मानलं जातं. घराणं मूळचं शिकलगारांचं, तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारं. राजवटी गेल्या, शस्त्रांची कामं आटली, आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाखालच्या मिरजेत गवयांची तंबोरे दुरुस्त करून द्यायची मागणी वाढली. पोलादावर बसलेला हात तारेवर आला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि मिरजेच्या तानपुऱ्याला स्वतंत्र भौगोलिक मानांकनं मिळाली.

तानपुरा म्हणजे चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची. या चार तारांतून जो भरगच्च नाद निघतो तो घोडीच्या करामतीचा. घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार हलते तेव्हा त्या उतारावर ती टेकते-सुटते, टेकते-सुटते आणि एका स्वरातून पुष्कळ उपस्वर एकामागून एक उमलतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तानपुऱ्याच्या याच घोडीवर शोधनिबंध लिहिला. तारेला ज्या बिंदूवर छेडावं तिथले काही उपस्वर उमटू नयेत, असा तोवरचा नियम. या वाद्यांत ते उमटतात हे त्यांनी दाखवून दिलं. मिरजेतल्या कारागिरानं तो निबंध वाचलेला नसतो. तो कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा केसभर घासतो. मग तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवत नेतो. एका जागी दोरा आला की मघापर्यंत मुकी वाटणारी तार एकदम बोलू लागते. याला जवारी काढणं म्हणतात. ही जागा बघून शिकता येत नाही, ऐकूनच सापडते. आणि ज्यानं ती एकदा सापडताना ऐकली, त्याला मोबाइलच्या स्पीकरमधला तानपुरा पुरेसा वाटणार नाही.

थंडीचा इथं थेट संबंध येतो. पहाटे गारठ्यात जुळवलेला तानपुरा ऊन वर आलं की उतरतो, कारण पोलादी तार तापून सैल पडते. हवेतला ओलावा कमी झाल्यानं लाकूडही हलतं. म्हणून हिवाळ्यात वाद्य वरचेवर जुळवावं लागतं. मला हा त्रास वाटत नाही. खुंटी पिळताना, मणी सरकवताना कान एका स्वरावर एकवटावा लागतो आणि डोक्यातली बाकीची गर्दी तेवढा वेळ बाजूला होते. विसाव्याचा निम्मा भाग या जुळवण्यातच मिळून जातो.

दुसरं वाद्य स्वरमंडळ. मांडीवर मावेल अशी पेटी, तिच्यावर तीस-पस्तीसच्या आसपास तारा, सगळ्या मोकळ्या. रागाचे स्वर जुळवायचे आणि बोट वरून खाली हलकेच फिरवायचं. बडे गुलाम अली खाँ, किशोरीताई आमोणकर आणि पंडित जसराज यांच्या हातात ते आपण पाहिलेलं आहे. हार्पच्या नादाला आपल्याकडचं सगळ्यात जवळचं वाद्य हेच. ज्याला गाता येत नाही, वाजवता येत नाही, त्यालाही ते चालतं. कुणीतरी एकदा भूपाचे पाच स्वर लावून दिले की कुठलीही तार छेडा, बेसूर होत नाही. लकव्यानंतर हाताची बोटं सावकाश हलवू पाहणाऱ्या माणसाला किंवा शब्द निसटू लागलेल्या आजीला याहून सोपं वाद्य मला सुचत नाही. इतकं सोयीचं वाद्य फक्त गवयांच्या मांडीवर राहिलं, याची मला खंत वाटते.

मिरजेत आणखी एक योग आहे. हे गाव जसं वाद्यांचं, तसंच दवाखान्यांचं. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं आणि तेव्हापासून कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रोगी मिरजेची वाट धरतात. उपचार आणि गाणं यांची गाठ इथं वारंवार पडली आहे. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्यानं अधू झाली, तीही दत्तजयंतीच्या उत्सवात, म्हणजे ऐन मार्गशीर्षाच्या थंडीत. उपचारासाठी ते मिरजेला आले. डोळे पूर्ववत झाले नाहीत; पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखा गुरू इथं मिळाला आणि पुढं १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची कथाही अशीच. प्लेगच्या आजारात त्यांनी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, असं मिरजेत श्रद्धेनं सांगतात. प्लेग गाण्यानं बरा होत नाही. पण मरणाच्या भीतीत माणूस सुरांना धरून राहतो, हे मात्र मी मानतो. खाँसाहेब मिरजेचेच झाले, १९३७ साली प्रवासात त्यांचं निधन झालं आणि दफन याच दर्ग्याच्या आवारात झालं. त्यांच्या स्मृतीत उरसाच्या वेळी इथं आजही गायक-वादक हजेरी लावतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांच्या प्रयोगांना याच खाँसाहेबांचा कान आणि गळा मदतीला होता. स्वर अचूक जुळला की मन का निवतं, याचा शोध या दोन गावांत शंभर वर्षांपूर्वी मोजमापं घेऊन चालला होता.

सातारा जिल्ह्याकडे वाद्यनिर्मिती नाही, ऐकण्याची आणि म्हणण्याची परंपरा मात्र आहे. औंधला अंतुबुवा जोशींनी १९४० साली शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीत महोत्सव आश्विनात, थंडीच्या उंबरठ्यावर, अजून होतो. मार्गशीर्षात गोंदवल्याला महाराजांच्या पुण्यतिथीचा उत्सव असतो आणि पहाटेच्या कडाक्यात नामाचा जप चाललेला असतो. कार्तिकात गावोगावी काकडा होतो. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढलं, तेव्हा उंचावरची कोरडी हवा, ऊन आणि विश्रांती हाच मुख्य उपचार होता. क्षयावर औषध नव्हतं, तो काळ गेला याचा आनंदच आहे. पण शांततेलाही उपचारात जागा असते, ही त्या काळची समज आपण औषधं आल्यावर टाकून द्यायला नको होती.

जप आणि काकड्याचा उल्लेख मी भाविकपणे करत नाही. याच बर्नार्डींनी सहकाऱ्यांसह २००१ साली २३ निरोगी माणसांवर प्रयोग केला. लॅटिन जपमाळ आणि तिबेटी मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगलं काम करते, असं त्यांना दिसलं. तानपुऱ्यावर खर्जाचा षड्ज लावून दम संपेपर्यंत धरायचा, पुन्हा सावकाश श्वास घ्यायचा आणि पुन्हा धरायचा, या पहाटेच्या रियाजात श्वास असाच लांबतो. गवयी हा रियाज गळा तयार करण्यासाठी करतात. तुम्ही-आम्ही तो स्वतःला सावरण्यासाठी करू शकतो. त्यासाठी एखादा राग शिकलेला असावा लागत नाही. स्वर सापडायला आठवडा लागला तरी चालतो. नुसतं ऐकणारा माणूस संगीताच्या हवाली होतो. त्यात आपला एक स्वर मिसळणारा त्याच्या बरोबरीनं श्वास घेतो. माझ्या मते फरक इथं पडतो आणि आपल्या हिवाळ्याला लागू पडणारी गोष्ट हीच आहे.

इथं रागचिकित्सेबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. अमुक रागानं मधुमेह आणि तमुक रागानं दमा बरा होतो, अशा याद्या फिरत असतात. त्यांना आधार देणाऱ्या मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्या नाहीत. मालकंस शिशिराचा, श्री हेमंताचा, ही वाटणी रसिकाच्या आनंदाची आहे, औषधाच्या चिठ्ठीची नाही. रक्तदाबाची गोळी तानपुरा घेतला म्हणून बंद करायची नसते. दम्याचा पंप जवळ असायलाच हवा. दोन आठवड्यांहून जास्त मन खिन्न राहत असेल, जगण्यातली गोडी गेली असेल, तर डॉक्टरकडे जायचं. तारा सोबतीला आहेतच. ज्यांना दीर्घ नादानं उलट अस्वस्थ वाटतं अशीही माणसं असतात. कुणाला त्यातून घरातल्या मृत्यूची आठवण येते. त्यांच्यावर शांतता लादू नये.

ऐकायचंच असेल तर काही साध्या गोष्टी पाळाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे; विसाव्यासाठी त्याच्या कितीतरी खाली आवाज पुरतो. कानात बोंडं घालून झोपू नये. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज बुडवण्यासाठी संगीत मोठं करणं हा तर कानांवर दुहेरी मार. तिथं रस्त्याकडची खिडकी लावून, जाड पडदा सोडून, मग हळू आवाजात ऐकावं. मध्येच किंचाळणाऱ्या जाहिराती सगळ्यावर पाणी फिरवतात, म्हणून ध्वनिमुद्रण आधी उतरवून घेतलेलं बरं. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला आणि आता तो मोबाइलवरही मिळतो. एकट्यानं खर्ज लावायला तो उत्तम आहे. लाकूड आणि भोपळ्याची थरथर मांडीला, छातीला लागते ती त्यात नाही, एवढं समजून तो वापरावा.

या स्वस्त सोयीचा फटका गल्लीला बसला आहे. तयार वाद्याला महिना-महिना लागतो, मजुरी त्या मानानं तुटपुंजी आणि पुढची पिढी दुसरीकडे नोकऱ्या शोधते. मानांकनामुळे नाव राखलं जाईल; पोट मात्र गिऱ्हाइकानंच भरणार. गवयी किती असणार? वाद्य घरात आणू शकणारी साधी माणसं त्यांच्यापेक्षा पुष्कळ आहेत. लहान तानपुरी किंवा स्वरमंडळ घ्यायचं तर थंडीत जाऊन, कारागिरासमोर बसून, जवारी ऐकून घ्यावं. वर्षातून एकदा ते पुन्हा त्याच्याकडे न्यावं, म्हणजे त्यालाही काम मिळतं.

आणि एक काम संस्थांनी करण्याजोगं आहे. मिरजेला १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि सतारमेकर गल्ली त्याच गावात. शस्त्रक्रियेआधी थांबलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून निवडावं, त्यांना वीस मिनिटं प्रत्यक्ष वाजणारा तानपुरा ऐकवावा, मध्ये दोन मिनिटं तो थांबवावा आणि सगळ्यांचा रक्तदाब, नाडी, चिंतेची पातळी आधी आणि नंतर नोंदवावी. उरलेल्या निम्म्यांना नेहमीची काळजी मिळावी. वाजवायला गल्लीतलाच माणूस मानधन देऊन बोलवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा एक हंगाम या कामाला पुरे. निष्कर्ष काय येतील ते येवोत, ते मराठीत छापावेत आणि पहिली प्रत गल्लीत पोचवावी.